एकेक करून येणाऱ्या डिस्कमधून रेड ॲरे उभा करताना

रेड ॲरे म्हणजे अनेक डिस्क जोडून बनवलेला एकच साठा. त्यासाठी बूट स्क्रिप्टमध्ये 'स्लीप' टाकून डिस्कची वाट पाहायची, हा प्रकार मी कुठल्याही सर्व्हरवर ठेवत नाही. दहा सेकंद थांबलो तर एखादी यूएसबी डिस्क अकराव्या सेकंदाला हजर होते. त्यापेक्षा जी डिस्क येईल ती आली तशी एमडीएडीएमच्या, म्हणजे लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या कमांडच्या, हाती द्यावी. त्यासाठी त्यात 'इन्क्रिमेंटल' हा पर्याय आहे.

हे आधी हाताने करून बघा. तीन डिस्कचा, डेटा नसलेला रेड ५ (एक डिस्क गेली तरी चालणारा) ॲरे घ्या, तो 'स्टॉप' करा आणि एकेक डिस्क 'एमडीएडीएम --इन्क्रिमेंटल'ला द्या. पहिलीला उत्तर येतं 'नॉट इनफ टू स्टार्ट'. दुसरीला येतं 'नॉट इनफ टू स्टार्ट सेफली'. तिसरी दिली की ॲरे आपोआप सुरू होतो. मधल्या काळात 'प्रॉक एमडीस्टॅट' या स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये तो 'इनॅक्टिव्ह' दिसतो आणि डिस्कच्या नावापुढे कंसात 'एस' (स्पेअर) असतो. ते पाहून घाबरू नका, आणि मुख्य म्हणजे 'क्रिएट' चालवू नका! त्याने सुपरब्लॉक (डिस्कवरची ॲरेची माहिती) नव्याने लिहिला जातो आणि डेटा हातचा जाऊ शकतो.

दुसऱ्या पायरीवर नीट थांबा, कारण सगळा निर्णय तिथेच आहे. दोन डिस्कवर रेड ५ चालू शकतो, पण तिसरी वाटेत असेल तर? आपण 'रन' देऊन ॲरे सुरू केला आणि त्यावर काही लिहिलं गेलं, की उशिरा आलेल्या डिस्कचा इव्हेंट काउंट (ॲरेतल्या बदलांचा मोजणी आकडा) मागे पडतो. मग तिला पुन्हा जोडावं लागतं. राइट-इंटेंट बिटमॅप (कुठल्या भागात लिहिलं गेलं त्याची नोंद) असेल तर बदललेला भागच सिंक होतो, नसेल तर अख्खी डिस्क. म्हणून मोठ्या ॲरेवर बिटमॅप हवाच, असं माझं ठाम मत आहे.

रोजच्या कामात हे सगळं यूडेव्ह, म्हणजे नवं उपकरण दिसलं की नियम चालवणारी लिनक्सची सेवा, करतं. डिस्क दिसली, तिच्यावर रेडचा सुपरब्लॉक सापडला, की '६४-एमडी-रेड-असेंब्ली' या नावाची नियमांची फाइल हीच कमांड चालवते. ॲरे सुरू होण्याजोगा असूनही एखादी डिस्क आली नसेल, तर सिस्टमडीचा (लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रणालीचा) 'लास्ट-रिसॉर्ट' टायमर ३० सेकंद वाट पाहतो आणि मग आहे त्या डिस्कवर ॲरे सुरू करतो. बहुतेक ठिकाणी एवढं पुरतं.

आपलं काम उरतं ते नावांचं. 'एमडीएडीएम --डिटेल --स्कॅन'ने दिलेल्या ओळी एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलमध्ये टाका. ॲरे यूयूआयडीने (त्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाने) ओळखला जाऊ द्या, 'एसडीबी'सारख्या नावाने नाही, कारण ती नावं बूटागणिक बदलू शकतात. त्यानंतर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइल सिस्टम) पुन्हा बनवा: डेबियनवर 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू', फेडोरावर 'ड्रॅकट -एफ'. ही पायरी राहिली तर बूटच्या वेळी जुनीच फाइल वाचली जाते आणि 'एमडी०'ऐवजी 'एमडी१२७' समोर येतो.

शेवटी एक डिस्क मुद्दाम काढून मशीन बूट करा. टायमर संपल्यावर ॲरे 'डिग्रेडेड' (एक डिस्क कमी असलेल्या) स्थितीत वर यायला हवा, आणि एमडीएडीएमच्या 'मॉनिटर'कडून तुम्हाला मेलही यायला हवा. मेल आला नाही, तर कॉन्फमधला 'मेलॲडर' (मेलचा पत्ता) आधी नीट करा, मगच डिस्क परत लावा.