सगळ्याच सीडी४ पेशींवर सीडी२५ कसे दिसू लागले : माझा अनुभव

महापे येथील आमच्या प्रयोगशाळेत फ्लो सायटोमीटरवर (चमकणारे रंग लावलेल्या पेशी लेसरच्या उजेडात एकेक मोजणाऱ्या यंत्रावर) नियामक टी पेशी (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पांढऱ्या पेशी) मोजताना गेल्या पावसाळ्यात विचित्र चित्र दिसू लागले: सीडी४ (पेशीच्या पृष्ठभागावरील एक खूणप्रथिन) असलेल्या जवळजवळ सर्वच पेशी सीडी२५ही (नियामक पेशींवर ठळक दिसणारी खूण) दाखवत होत्या, जे निरोगी व्यक्तीच्या रक्तात अपेक्षित नसते. पॅनेल, म्हणजे कोणत्या खुणेला कोणता चमकणारा रंग याची मांडणी, साधे होते: सीडी३ला एपीसी, सीडी८ला एफआयटीसी, सीडी२५ला पीई आणि सीडी४ला पीई-सीवाय७.

प्रथम मी कॉम्पेन्सेशनचे (एका रंगाचा दुसऱ्याच्या मापनात मिसळणारा प्रकाश वजा करण्याच्या गणिताचे) आकडे हाताने वाढवले; ती चूकच होती, कारण त्याने आलेख सुबक झाला, खरा झाला नाही. सीडी८ पेशी मात्र जागच्या जागी होत्या, त्यामुळे संशय सीडी४च्या रंग जोडलेल्या प्रतिपिंडांच्या (त्या खुणेला चिकटणाऱ्या प्रथिनांच्या) कुपीवर गेला. पीई-सीवाय७ हा जोडरंग आहे: ४८८ नॅनोमीटरच्या लेसरची ऊर्जा पीई शोषून सीवाय७कडे सोपवतो, म्हणून प्रकाश सुमारे ७८० नॅनोमीटरला बाहेर पडतो. उजेडाने ही जोडणी बिघडली, की पीई स्वतःच सुमारे ५७५ नॅनोमीटरला चमकतो आणि यंत्र त्यालाच सीडी२५ समजते. केवळ सीडी४ची प्रतिपिंडे घातलेल्या नळीतही पीईचा भरपूर संकेत आला, तेव्हा खात्री पटली. (कुपी ट्यूबलाइटखाली टेबलावर ठेवायची सवय माझीच, आणि कॉम्पेन्सेशन जुन्या कुपीवरून केलेले.)

नवी कुपी फॉइलमध्ये गुंडाळून, न गोठवता, ४ अंश सेल्सिअसला ठेवली, एकरंगी नियंत्रणासाठीही (कॉम्पेन्सेशन ठरवण्याच्या, एकच रंग लावलेल्या नळीसाठीही) तीच वापरली आणि रंगवलेले नमुने फिक्सेटिव्हमध्ये (पेशी टिकवणाऱ्या, पण जोडरंग बिघडवू शकणाऱ्या द्रावणात) रात्रभर ठेवणे बंद केले. आता सीडी२५ ठळकपणे दाखवणाऱ्या पेशी सीडी४ पेशींच्या काही टक्क्यांपुरत्याच दिसतात.