मिरवणुकीआधी अठ्ठेचाळीस टीबीचा डबा तयार ठेवताना

बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक गल्लीच्या मंडळाला आपला व्हिडिओ लगेच हवा असतो. म्हणून नवा स्टोरेजचा डबा, म्हणजे अनेक डिस्कचं लिनक्सवर चालणारं यंत्र, त्याच संध्याकाळी खोक्यातून काढू नका. चार दिवस आधी काढा. टिळकवाडीपासून निपाणीपर्यंतच्या स्टुडिओवाल्यांचे फोन येतात ते ऐन संध्याकाळीच: "फॉरमॅट संपेना की हो!" बहुतेक वेळा अडलेलं असतं वेगळंच.

समजा १२ टीबीच्या सहा डिस्क घेतल्या आणि रेड ६ लावलं, म्हणजे सगळ्या मिळून एकच मोठी डिस्क, त्यातल्या दोन मेल्या तरी डेटा टिकतो. दोन डिस्कची जागा पॅरिटीत, म्हणजे मेलेल्या डिस्कचा डेटा परत उभा करणाऱ्या हिशेबात जाते, हाती ४८ टीबी उरतात. आधी यूपीएसची बॅटरी बघा, वळवाच्या पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. मग सगळ्या डिस्कना स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तब्येत-तपासणीची, लांब चाचणी लावून घरी जा. ती एका रात्रीत संपेलच असं नाही, पण खराब डिस्क आज कळलेली बरी.

लिनक्सनं डिस्कला दिलेल्या नावावर अजिबात विश्वास ठेवू नका. आज जी एसडीबी, ती रीबूटनंतर एसडीडी होऊ शकते. सिरियल नंबर कागदावर लिहा, डिस्कच्या कडेलाही चिकटवा, आणि आज्ञा देताना बाय-आयडीचा, म्हणजे सिरियल नंबर असलेला पत्ता वापरा. वाइपएफएस ही आज्ञा नुसती, कुठलाही पर्याय न देता चालवली तर काही पुसत नाही, डिस्कवर आधीचं काय आहे तेवढं दाखवते. माझ्या हातून एकदा खानापूरच्या लग्नाची अख्खी हळद गेली. यंत्रानं विचारलं होतं, 'इथे जुनी फाइलसिस्टिम आहे, पुढे जाऊ?' मी न वाचता वाय दाबला. कॅमेऱ्याची कार्डं अजून रिकामी केली नव्हती, म्हणून वाचलो.

रेड बांधलं की पॅरिटी जुळवणं सुरू होतं. सेकंदाला सरासरी १५० एमबी धरले तरी १२ टीबीला बावीस तास लागतात. त्याच वेळी डिस्कवर दुसरं काम काढलं तर लिनक्स हे जुळवणं सेकंदाला १००० केबीच्या किमान वेगापर्यंत खाली आणू शकतो. ती किमान मर्यादा तात्पुरती वाढवता येते, पण माझं ऐकाल तर ते बावीस तास देऊन टाका. 'सगळं जुळलेलंच आहे असं धर' असा एक पर्याय एमडीएडीएम या रेड बांधणाऱ्या आज्ञेत आहे, त्याच्या मोहात पडू नका. पॅरिटी खोटी असली तर एखादी डिस्क मेल्यावर परत उभा राहणारा डेटाही खोटाच असणार.

आता मुख्य गोष्ट. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) बनवताना वेळ जातो तो इनोडच्या, म्हणजे एकेका फाइलीच्या नोंदीच्या, तक्त्यांत. किती फाइली मावतील ते हे तक्ते आधीच ठरवून ठेवतात. १६ टीबीच्या वरच्या डिस्कला एमकेएफएस (फाइलसिस्टिम बनवणारी आज्ञा) दर ६४ केबीला एक इनोड धरतं. ४८ टीबीला हे सुमारे ७३ कोटी इनोड झाले, आणि प्रत्येकी २५६ बाइटनं १८७ जीबीचे तक्ते. एवढी शून्यं लिहायची कशासाठी? स्टुडिओत ७३ कोटी फाइली येणार कुठून? लार्जफाइल४ हा प्रकार निवडा, दर ४ एमबीला एक इनोड. १ कोटी १४ लाख फाइलींची सोय होते आणि तक्ते ३ जीबीच्या आत बसतात. पुढे कधी एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टिमची तपासणी, चालवायची वेळ आली तर तेही लवकर आटोपतं. मात्र हे प्रमाण नंतर बदलता येत नाही. लाखो बारक्या फाइली ठेवणारं ऑफिस असेल तर हा नाद नको.

बरेच जण वेगासाठी लेझी इनिटवर, म्हणजे तक्ते नंतर लिहायच्या सोयीवर, भरवसा ठेवतात, आणि एमकेएफएस स्वतःही शक्य तिथे तेच करतं. आज्ञा चटकन संपते, माणूस खूश होतो. पण काम वाचलेलं नसतं, पुढे ढकललेलं असतं. पहिल्यांदा माउंट केलं, म्हणजे वापरायला जोडलं, की कर्नल (लिनक्सचा गाभा) मागे बसून तेच तक्ते लिहायला लागतो. तक्त्यांचा एक गट लिहायचा, त्याला लागलेल्या वेळाच्या दहापट थांबायचं, मग पुढचा. रिकाम्या डब्याचा दिवा रात्रभर का लुकलुकतो याचं उत्तर हे, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही कार्डं उतरवत असता. तक्ते तीन जीबीवर आणले असतील तर लेझी बंद करा आणि काय ते आत्ताच उरकून घ्या.

खरं तर एवढ्या मोठ्या डब्याला मी एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम लावतो. तिथे इनोड लागतील तसे तयार होतात, म्हणून बनवायला काही सेकंदच पुरतात. त्याची अडचण एकच, एकदा केलेली एक्सएफएस लहान करता येत नाही.

एसएसडी असेल तर एमकेएफएस आधी सगळी जागा डिसकार्ड करायला, म्हणजे रिकामी आहे असं डिस्कला सांगायला जातं, काही डिस्क तिथेच रेंगाळतात. नोडिसकार्ड द्या, तेच काम करणारी एफएसट्रिम नंतर निवांत चालवा. हार्डवेअर रेड कार्ड असेल तर पट्ट्यांचं माप स्वतः सांगावं लागू शकतं: ५१२ केबीचा चंक (एका डिस्कवर सलग जाणारा तुकडा) आणि डेटाच्या चार डिस्क असतील तर ४ केबीच्या ब्लॉकमध्ये मोजून स्ट्राइड (एका डिस्कवरचा तुकडा) १२८, स्ट्राइपविड्थ (चारही डिस्कवरची पूर्ण पट्टी) ५१२. ईएक्सटी४ मध्ये रूटसाठी, म्हणजे यंत्राच्या मुख्य खात्यासाठी, राखलेले पाच टक्केही काढा. वेगाशी त्याचा संबंध नाही, पण २.४ टीबी कोण सोडतं?

शेवटची आज्ञा देण्याआधी तीच एमकेईटूएफएसच्या (ईएक्सटी४ बनवणाऱ्या एमकेएफएसचंच मूळ नाव) 'एन' पर्यायासह चालवा. डिस्कला हात न लावता सगळे आकडे दिसतात. इनोडची संख्या कागदावरच्या हिशेबाशी जुळली की मगच एन काढा. माउंट झाल्यावर एफएसटॅबमध्ये (चालू होताना काय माउंट करायचं त्या यादीत) फाइलसिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे तिचा कायमचा ओळख क्रमांक, लिहा, डबा एकदा बंद करून चालू करा आणि एका जुन्या कार्डाची नक्कल उतरवून बघा. हे सगळं मिरवणुकीच्या आदल्या दुपारपर्यंत झालं पाहिजे, कारण संध्याकाळी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या आहेत आणि प्लग तेवढेच आहेत.