प्रवेशात खेळाडूला झुकते माप मिळते का, हे कसे तपासावे

अमेरिकी महाविद्यालयात खेळाडूला कलावंतांपेक्षा झुकते माप मिळते का, हे ठरवण्यापूर्वी तिथे प्रशिक्षकाचा शब्द किती चालतो ते पाहावे. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्डसह आठ नामवंत खासगी विद्यापीठांच्या गटात, क्रीडा शिष्यवृत्ती नसते. तरीही प्रशिक्षक पसंतीच्या खेळाडूंची नावे प्रवेश कार्यालयाकडे पाठवतात, आणि प्रवेशातील भेदभावाच्या आरोपावरून हार्वर्डविरुद्ध चाललेल्या खटल्यातील आकडेवारीनुसार अशा खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्के अर्जदारांना प्रवेश मिळत होता. मॅसॅच्युसेट्समधील एमआयटी या तंत्रविद्यापीठात मात्र प्रशिक्षकाला केवळ शिफारस करता येते.

मग हीच फूटपट्टी व्हायोलिनवादकाला लावावी. त्याचे ध्वनिमुद्रण अनेक ठिकाणी संगीताचे प्राध्यापक ऐकतात, अभिप्रायही देतात. पण त्या अभिप्रायाला प्रशिक्षकाच्या यादीइतके वजन सहसा नसते. अर्थात जलतरणपटूची वेळ शतांश सेकंदापर्यंत मोजता येते, कवितेचा दर्जा तसा मोजता येत नाही, हा खेळाडूंच्या बाजूचा युक्तिवाद मला अगदीच पोकळ वाटत नाही.

खेळ कोणता, हा प्रश्न अधिक टोकदार आहे. रोइंग, स्क्वॉश, तलवारबाजी यांचे प्रशिक्षण खर्चिक असल्याने तिथली सवलत बहुधा सधन घरांत जाते. २०१९ साली उघडकीस आलेल्या अमेरिकेतील प्रवेश घोटाळ्यात तर लाच घेऊन, बनावट छायाचित्रांच्या आधारे, न खेळणाऱ्या मुलांनाही खेळाडू ठरवले गेले.

महाविद्यालयाचा ‘कॉमन डेटा सेट’, म्हणजे प्रवेशासह इतर माहिती ठरावीक नमुन्यात देणारा अहवाल, जरूर वाचावा. मात्र त्यातील प्रवेशनिकषांच्या तक्त्यात ‘प्रतिभा’ ही एकच ओळ असल्याने खेळ आणि कला यांतला फरक दिसत नाही. तो फरक प्रवेश कार्यालयाला थेट, शक्यतो लेखी विचारावा.