शिंकांचा सीझन कॅलेंडरवर पकडा
पाऊस उघडला की कोल्हापुरात मोकळ्या प्लॉटात, रस्त्याकडेला गाजर गवत पांढरंफेक फुलतं आणि घराघरात शिंका सुरू. मोबाईलवरचा परागकणांचा अंदाज आपल्या गल्लीचा नसतो, म्हणून भिंतीवरचं कॅलेंडरच वापरा.

१. शिंका, डोळ्यांना खाज आली की त्या तारखेवर फुली, बाजूला वारा की पाऊस एवढंच लिहा.

२. वर्ष संपलं तरी पानं फेकू नका, पुढच्या वर्षी पहिल्या फुलीच्या दोनेक आठवडे आधीच डॉक्टरांना दाखवा आणि नाकातला स्प्रे आत्तापासून चालू करू का ते विचारा, कारण त्याचा पूर्ण गुण यायला दिवस लागतात.

३. कोरडा वारा असेल तर कपडे आतच वाळत घाला.

छातीत घरघर किंवा दम लागला तर मात्र थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.