वाटण्या झाल्यावर बँकेचा फोन आला तर काय करायचं

वडील गेले, वारसांची नावं लागली, पैसे वाटून झाले आणि मग क्रेडिट कार्डवाल्यांचा फोन, की मुलगा आहात ना, भरा. घाबरून लगेच गुगल पे करू नका. आधी लेखी मागा, लोनचे पेपर, स्टेटमेंट, शेवटचा हप्ता कधी भरला ते सगळं.

वारसाची जबाबदारी त्याच्या वाट्याला जेवढी इस्टेट आली तेवढ्यापुरतीच असते, म्हणजे 2 लाख मिळाले आणि कर्ज 5 लाखांचं असेल तर उरलेले 3 लाख तुमच्या पगारातून मागता येत नाहीत. मुलाने बापाचं कर्ज फेडलंच पाहिजे हा जुना धर्मशास्त्राचा नियम हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतरच्या कर्जांना लागू नाही (नातेवाईक तरी ऐकवतातच, ते सोडा). पण तुम्ही जामीनदार किंवा को-बॉरोअर (सहकर्जदार) असाल तर मात्र सुटका नाही, आणि घर तारण असेल तर बँकेचा हक्क घरावर राहतोच, वाटणी झाली तरी.

साध्या विनातारण कर्जाच्या वसुलीसाठी कोर्टात दावा करायची मुदत साधारण 3 वर्षं, त्यामुळे "कर्ज मान्य आहे" असं कुठेही सही करून देऊ नका, मुदत नव्याने सुरू होऊ शकते. लोनसोबत इन्शुरन्स होता का तेही विचारा, बँक स्वतःहून सांगेलच असं नाही. कोर्टाची नोटीस आली तर सरळ वकील गाठा.