नर्सिंग संशोधनासाठी निधिसंकलन स्नेहभोजन: नाशिकमध्ये ते कसे आखावे

नर्सिंग संशोधनासाठी निधी उभा करायचा असेल, तर सभागृहाच्या चौकशीला लागण्यापूर्वी संशोधनाचा प्रश्न ठरवावा. ‘परिचारिकांच्या संशोधनाला हातभार लावा’ एवढ्या मोघम आवाहनाला लोक मनापासून टाळ्या देतात, पण धनादेश लिहिताना त्यांचा हात थांबतो, कारण पैसा नेमका कशावर खर्च होणार हे त्यांना दिसत नसते. म्हणून नर्सिंग महाविद्यालयांतील मार्गदर्शक आणि रुग्णालयांतील अनुभवी सिस्टर यांच्याकडून आधी प्रस्ताव मागवावेत आणि त्यांतील दोन किंवा तीनच निवडावेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून नाशिकमध्येच असल्याने प्रस्ताव तपासून देणारे जाणकार शोधायला शहराबाहेर जावे लागत नाही.

चांगला प्रश्न कसा असतो, याचे एक उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या टाचेवर किंवा माकडहाडाच्या जागी त्वचा लाल दिसली, की सिस्टर तिथे बोट दाबून सोडते. दाब काढल्यावर ती जागा क्षणभर फिकी पडली तर अजून वेळ आहे. लालीच राहिली तर बेडसोरची, म्हणजे सततच्या दाबाने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली असे समजायचे. अशा रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे, हे प्रत्येक विद्यार्थिनी पहिल्याच वर्षी शिकते. मात्र अमेरिका आणि कॅनडातील वृद्धांच्या शुश्रूषागृहांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, दाट फोमच्या गाद्यांवरील रुग्णांना दोन, तीन किंवा चार तासांनी वळवल्याने बेडसोरच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. आता सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील घरी, गोधडीवर किंवा कापसाच्या गादीवर झोपलेल्या अर्धांगाच्या रुग्णाला हा निष्कर्ष लागू होतो का, आणि रात्रभर त्याला वळवणाऱ्या सुनेला सलग चार तासांची झोप मिळू शकते का? या प्रश्नाचे उत्तर परदेशातून येणार नाही, ते इथल्या परिचारिकांनीच शोधायचे आहे. आवाहनात हा प्रश्न याच शब्दांत मांडला, तर व्यासपीठावरून वेगळी विनवणी करण्याची फारशी गरज उरत नाही.

प्रश्नाबरोबर त्याचा खर्चही मांडावा. नर्सिंग संशोधनाला महागडी यंत्रसामग्री बहुधा लागत नाही. लागतो तो माहिती गोळा करणाऱ्यांचा प्रवास आणि मानधन, प्रश्नावलीचे मराठीत आणि गरज असेल तिथे कोकणा जमातीच्या बोलीसारख्या स्थानिक आदिवासी बोलीत रूपांतर, संशोधनात रुग्णांचे हित जपले जाते का हे तपासणाऱ्या नैतिकता समितीचे शुल्क, संख्याशास्त्रज्ञाचा मोबदला आणि काही वेळा रुग्णसेवेतून मोकळे केलेल्या परिचारिकेच्या जागी बदली कर्मचारी. या शेवटच्या बाबीचा उल्लेख आवर्जून करावा, कारण आपल्याकडील बहुतेक परिचारिका संशोधन करतात ते पाळी संपल्यावर, स्वतःच्या झोपेतून काढलेल्या वेळात. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी मिळण्यापूर्वी त्या प्रकल्पाच्या नावाने एक रुपयाही स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसा आणि कायदा

कार्यक्रम नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या नावानेच करावा. न्यास नसलेल्या मित्रमंडळाने धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील तरतुदी लागू होतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जाणे टळत नाही. त्यापेक्षा कार्यरत न्यासाशी लेखी करार करणे सोपे आणि स्वच्छ. ८०जी या नावाने सर्वांना ठाऊक असलेली आयकर सवलत २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर मिळत नाही, म्हणून प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर क्यूआर कोड आणि धनादेशाची सोय ठळकपणे ठेवावी. न्यासाला देणग्यांचे वार्षिक विवरणपत्र भरावे लागते, तेव्हा संकल्पपत्रावर, म्हणजे देणगीचे वचन लिहून देण्याच्या कागदावर, देणगीदाराचे पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन क्रमांक त्याच संध्याकाळी लिहून घ्यावा. मागाहून फोन करून पॅन विचारत बसणे दोन्ही बाजूंना अवघड जाते. जेवणासह असलेली प्रवेशिका ही संपूर्ण देणगी नव्हे. भोजनाचे मूल्य आणि देणगी यांच्या पावत्या वेगळ्या असाव्यात. परदेशी नागरिकाची किंवा संस्थेची देणगी येणार असेल, तर परकीय अंशदान नियमन कायद्याखालील नोंदणी नसताना ती घेऊ नये.

सातपूर आणि अंबड येथील कंपन्यांकडे जाताना एक बारकावा लक्षात ठेवावा. सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून, म्हणजे सीएसआरमधून, मॅरेथॉन किंवा पुरस्कार सोहळा अशा एकदाच होणाऱ्या कार्यक्रमाचे प्रायोजकत्व ग्राह्य धरले जात नाही. आरोग्याचा ठोस प्रकल्प मात्र त्यात बसू शकतो. त्यामुळे कंपनीच्या सीएसआर विभागाकडे संशोधन प्रकल्पाचा प्रस्ताव द्यावा आणि भोजन, सभागृह, छपाई यांचा खर्च जाहिरातीच्या अंदाजपत्रकातून मागावा.

काही प्रायोजक नाकारावेच लागतात. बाळांचे डबाबंद दूध आणि दुधाच्या बाटल्या बनवणाऱ्या कंपन्यांनी आरोग्य कर्मचाऱ्यांना किंवा त्यांच्या संघटनांना परिषद, शिष्यवृत्ती वा संशोधनासाठी पैसे देण्यास १९९२ चा कायदा आणि त्यातील २००३ ची दुरुस्ती मनाई करते. तंबाखू उत्पादकांचा प्रश्नच नाही. नाशिकमध्ये वाइन उत्पादकाचे प्रायोजकत्व सहज मिळू शकते, पण यकृताच्या आजाराने दाखल झालेल्यांची सेवा करणाऱ्या सिस्टरसमोर ते फलक लावणे मला योग्य वाटत नाही, आणि स्नेहभोजन मद्याविना उत्तम पार पडते.

तारीख आणि जागा

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, १२ मे, हा आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन असल्याने तीच तारीख प्रथम डोळ्यांसमोर येते. तरीही ती टाळावी. त्या आठवड्यात प्रत्येक रुग्णालयात स्वतंत्र कार्यक्रम असतात, ऊन कडक असते, सुट्ट्यांमुळे देणगीदार गावाला गेलेले असतात आणि मे महिन्यात शहरातील व्याख्यानप्रेमी श्रोता गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमालेकडे वळलेला असतो. जानेवारी-फेब्रुवारीतील शनिवार सर्वांत सोयीचा. सिंहस्थाच्या काळात, विशेषतः २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पोलीस, निवासव्यवस्था आणि परिचारिका या सर्वांवर इतका ताण असेल की तेव्हा असा बेत करूच नये.

भाषणासाठी महाकवी कालिदास कलामंदिर किंवा गंगापूर रस्त्यावरील रावसाहेब थोरात सभागृह यांचा विचार करता येतो. संख्या कमी असेल तर कुसुमाग्रज स्मारकाचे वातावरण गंभीर विषयाला शोभते. भाषण आणि जेवण एकाच छताखाली हवे असेल, तर हॉटेलचे सभागृह किंवा लॉन घ्यावे लागेल. उघड्यावर कार्यक्रम असल्यास रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो आणि जानेवारीतील नाशिकची थंडी वृद्ध पाहुण्यांना सोसत नाही. गाण्यांचा कार्यक्रम ठेवल्यास संगीताच्या हक्कांचे परवाने आधीच घ्यावेत.

प्रमुख वक्ते

वक्ता प्रसिद्ध असावा, पण विषयाचा असावा. अभिनेत्याच्या नावाने सभागृह भरते. संशोधन मात्र त्या गर्दीत हरवून जाते. १९७३ पासून दिल्या जाणाऱ्या राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्काराच्या मानकरी, नर्सिंग महाविद्यालयाच्या ज्येष्ठ प्राचार्या किंवा आदिवासी भागात दीर्घकाळ काम केलेल्या परिचारिका यांतून निवड करावी. डॉक्टरांना आवर्जून निमंत्रण द्यावे, पण नर्सिंगच्या व्यासपीठावरील मुख्य भाषण परिचारिकेचेच असावे, याबाबत आयोजकांनी ठाम राहावे.

निमंत्रण किमान चार महिने आधी द्यावे आणि पत्रात विषय, श्रोते कोण, भाषणाची वेळ, मानधन, प्रवास व निवास यांचा स्वच्छ उल्लेख करावा. ‘सेवा म्हणून याल ना?’ असे गृहीत धरणे अनुचित आहे. मानधन देऊ करावे, ते परत करायचे की नाही हे त्या ठरवतील. भाषण पंचवीस मिनिटांचे ठेवावे. त्या मुंबईहून किंवा पुण्याहून येणार असतील, तर घाटातील आणि महामार्गावरील खोळंबा गृहीत धरून त्यांना दुपारीच नाशिकमध्ये पोहोचवावे. या मोकळ्या वेळेत निवडलेल्या प्रकल्पांच्या संशोधक परिचारिकांशी तासभर भेट घडवून आणावी. मग व्यासपीठावर त्या ‘आज दुपारी मला भेटलेल्या सिस्टर’ म्हणून ज्या बोलतील, त्यातला विश्वास कोणत्याही ध्वनिचित्रफितीला साधत नाही. पैशांचे आवाहन मात्र त्यांच्या तोंडी घालू नये; ते विश्वस्तांचे काम आहे.

संध्याकाळ

परिचारिकांच्या पाळ्या पाहून वेळ ठरवावी. दुपारची पाळी साधारण आठला संपते आणि रात्रपाळी तेव्हाच सुरू होते, त्यामुळे साडेपाचला कार्यक्रम सुरू केला तर सकाळची पाळी संपलेल्या सिस्टर विश्रांती घेऊन येऊ शकतात. त्यांच्याकडून प्रवेशमूल्य घेऊ नये, आणि त्यांना मागच्या रांगेत नव्हे, प्रत्येक टेबलावर देणगीदारांच्या शेजारी बसवावे.

व्यासपीठावर चारच खुर्च्या ठेवाव्यात. आपल्याकडे दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि मान्यवरांची मनोगते यांत तास निघून जातो आणि मुख्य वक्त्यांना ‘वेळेअभावी थोडक्यात’ बोलावे लागते. हे पाहुण्यांशी अन्यायाचे आहे. लोकप्रतिनिधींचा सत्कार प्रास्ताविकानंतर एकत्रित करावा आणि तशी कल्पना त्यांच्या कार्यालयाला आधीच द्यावी. प्रास्ताविकानंतर एका परिचारिकेने पाच मिनिटांत आपला प्रश्न मांडावा, मग प्रमुख भाषण व्हावे आणि ते संपताच, भोजनाला उठण्यापूर्वी, विश्वस्तांनी आवाहन करावे. जेवण सुरू झाल्यावर माणसे पांगतात. रुग्णाची गोष्ट सांगायची असेल तर त्याची लेखी संमती घ्यावी, आणि ती असली तरी चेहरा व गावाचे नाव टाळावे.

नेमक्या आवाहनाचे एक जुने उदाहरण पाहा. १८५५ मध्ये लंडनच्या सभेत नाइटिंगेल निधी सुरू झाला, तेव्हा परिचारिकांच्या प्रशिक्षणाची संस्था हा त्याचा हेतू ठरला. १८५६ मध्ये जेनी लिंड या विख्यात गायिकेने त्यासाठी मैफल केली आणि १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात प्रशिक्षण शाळा उघडली. हेतू इतका नेमका होता म्हणूनच पैसा भरकटला नाही. आवाहन करणाऱ्या विश्वस्तांनी ‘या दोन प्रकल्पांसाठी इतकी रक्कम हवी आहे आणि अधिक आल्यास ती तिसऱ्या प्रकल्पाला जाईल’ असे आकड्यांसह सांगावे.

कार्यक्रमानंतर आठवडाभरात पावत्या आणि आभारपत्रे गेली पाहिजेत. संकल्प केलेल्या पण न आलेल्या रकमांची सौम्य आठवण एका विश्वस्ताने स्वतः फोन करून द्यावी. जमा-खर्चात भोजनाचा खर्च लपवू नये. सहा महिन्यांनी प्रत्येक देणगीदाराला दोन पानांचा मराठी अहवाल पाठवावा, ज्यात किती रुग्णांची माहिती गोळा झाली, कुठे अडले आणि पैसे किती उरले हे लिहिलेले असेल. अपेक्षित फरक दिसला नाही, असा निष्कर्ष निघाला तर तोही तितक्याच ठळकपणे छापावा आणि त्या परिचारिकेला परिषदेत तो मांडता यावा म्हणून प्रवासखर्चाची तरतूद याच निधीतून राखून ठेवावी.