लॉनमोवरचं डुगडुगणारं चाक इपॉक्सीने कसं पक्कं करावं

चाक डुगडुगायला लागलं की लोक नवं चाक आणतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच. झिजलेलं असतं ते डेकच्या, म्हणजे पात्याला झाकणाऱ्या खोक्याच्या, पत्र्यातलं बोल्टचं भोक. इंदूरला पावसाळ्यात गवत असं फोफावतं की आठवड्यातून एकदा मशीन काढावंच लागतं. माळव्याची काळी माती चाकात चिकटून बसते, दर धक्क्याला बोल्ट पत्रा खात जातो आणि गोल भोक लांबट होतं. पातळ पत्र्यावर वेल्डिंग केलं तर तो वाकतो. भोकाभोवतीचा पत्रा शाबूत असेल, तर इपॉक्सीने हे काम वर्षानुवर्षं टिकतं.

सामान इंदूरच्या सियागंज बाजारात एका फेरीत मिळतं: स्टीलची पूड घातलेलं दोन भागांचं इपॉक्सी, बोल्टला नेमके बसणारे दोन रुंद वायसर, ८० नंबरचा पॉलिश पेपर, अ‍ॅसिटोन, पांढऱ्या सुती चिंध्या, मेणबत्ती, हातमोजे. स्पार्क प्लगची टोपी काढा, टाकी रिकामी करा, मशीन आडवं करा, चाक सोडवा.

आता सफाई. सगळं काम इथेच जमतं किंवा फसतं, आणि मी इथे लागोपाठ तीनदा फसलो आहे. दर वेळी पंधरा दिवसांत वायसर अख्खा सुटून हातात यायचा. तिसऱ्यांदा तो उलटा करून उन्हात धरला. इपॉक्सी जिथे पत्र्याला टेकलं होतं, तिथे ते काचेसारखं गुळगुळीत होतं आणि बोट फिरवलं तर तेलकट लागत होतं. म्हणजे ते पत्र्याला धरलंच नव्हतं, मधल्या तेलावर बसलं होतं. मी पुसायला ब्रश कटरच्या कॅनमधलं पेट्रोल वापरत होतो. टू-स्ट्रोक मशीनच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असतं. पेट्रोल उडून जायचं, ऑइल मागे राहायचं. कुणी पेट्रोलने किंवा रॉकेलने पुसा म्हणालं तर ऐकू नका.

दुसरी चूक क्रमाची. आधी घासलं तर तेल ओरखड्यांच्या खोबणीत जाऊन बसतं. म्हणून आधी सुकलेलं गवत-माती खरवडा, भांड्यांच्या साबणाने धुवा, कोरडं करा, मग अ‍ॅसिटोनने पुसा. चिंधी एकाच दिशेने फिरवा आणि दर वेळी तिची कोरी बाजू घ्या. मळकी चिंधी तेल काढत नाही, पसरवते. चिंधी पांढरी राहायला लागली की पॉलिश पेपर घ्या. भोकाभोवती दोन्ही बाजूंनी, वायसरपेक्षा बोटभर जास्त जागेवर, रंग आणि गंज जाऊन उघडं लोखंड दिसेपर्यंत आडवं-उभं घासा. वायसरही घासा, त्यांची चकाकी जायला हवी. मग पुन्हा अ‍ॅसिटोन. हे मोकळ्या हवेत करा, जवळपास विस्तव नको.

आता त्या जागेवर स्वच्छ पाण्याचे चार थेंब टाका. पाणी पातळ पसरून एकसंध राहिलं तर जागा तयार आहे. थेंब गोळा होऊन मण्यासारखे उभे राहिले तर तेल अजून आहे, पुन्हा पुसा. ही परीक्षा मी कधीच टाळत नाही. पास झाली की पाणी लगेच टिपा आणि हेअर ड्रायरने वाळवा. जुलैच्या दमट हवेत उघड्या लोखंडावर बघता बघता तांबूस गंज धरतो, त्यामुळे चिकटवायचं काम त्याच बैठकीत उरका. त्या जागेला उघडं बोट लावू नका.

बोल्ट किंचित गरम करून त्यावर मेण घासा म्हणजे तो अडकणार नाही. मेणाचे हात वायसरला लावू नका.

इपॉक्सीचे दोन्ही भाग पाकिटावरच्या प्रमाणात घ्या. लवकर वाळावं म्हणून हार्डनर (घट्ट करणारा भाग) जास्त घालू नका, जोड कच्चा राहतो. रंग एकसारखा होईपर्यंत कालवा. मे महिन्यात हे सकाळीच करा, दुपारच्या उकाड्यात लगदा हातातच घट्ट होतो. भोक भरा, दोन्ही बाजूंनी लेप द्या, वायसर बसवा, बोल्ट मूळ जागी मधोमध धरून नट नुसता टेकेल इतकाच आवळा. जोर लावला तर सगळा लगदा बाहेर येतो.

अर्धवट घट्ट झाल्यावर बोल्ट एकदा फिरवून मोकळा करा. मग २४ तास हात लावू नका, थंडीत ४८.

पातं, ते इंजिनच्या दांड्याला जोडणारा अडॅप्टर, पात्यावरचं संरक्षक कव्हर आणि सायलेन्सरजवळचं काहीही इपॉक्सीने जोडायचं नाही. तुटलेलं पातं गोळीसारखं सुटतं आणि साधं इपॉक्सी उष्णतेने मऊ पडतं. तिथे नवा भागच घाला.

चाक बसवा, पहिल्यांदा गवत कापून झालं की वायसरची कड बघा. तिथे केसाएवढी काळी रेघ दिसली तर जोड सुटायला लागलाय. त्यावर आणखी लगदा थापू नका. वायसर काढा आणि सफाईपासून पुन्हा सुरू करा.